सज्जता केवळ सीमेवरच?

भुसावळहून मुक्ताईनगरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर वरणगाव लागते. या गावाची ओळख करून देताना खानदेशातला माणूस बहुधा तेथील ऑर्डनन्स फॅक्टरीचे नाव आधी घेतो. १९६२ च्या चिनी आक्रमणाने देशाला जबर धक्का दिला, आणि त्यानंतरच्या वर्षांत जे नवे दारूगोळा कारखाने देशात उभे राहिले, त्यांपैकी हा एक. लष्कराला लागणारी बंदुकांची काडतुसे येथे तयार होतात. पुण्याच्या आयुध संशोधन व विकास संस्थेने आखलेल्या इन्सास रायफलीसाठी लागणाऱ्या ५.५६ मिलिमीटरच्या काडतुसांचाही त्यांत समावेश होतो. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील ४१ आयुध निर्माण्यांची सात सरकारी कंपन्यांत विभागणी झाली आणि वरणगावचा कारखाना म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे गेला. मालकीची पाटी बदलली. काम मात्र तेच राहिले.

हाच रस्ता पुढे मुक्ताईनगरला पोहोचतो तेव्हा दोन्ही बाजूंना केळीच्या बागा दिसू लागतात. मुक्ताईनगर, रावेर आणि यावल हे तालुके म्हणजे तापीकाठचा केळीचा पट्टा. रावेर आणि सावदा या स्थानकांवरून केळी भरलेल्या वॅगनी वर्षानुवर्षे उत्तरेकडे गेल्या आहेत. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक निर्देशांकही मिळाला. या पिकाच्या शास्त्रीय बाजूची जबाबदारी जळगावच्या केळी संशोधन केंद्राकडे आहे आणि मुक्ताईनगरात शासकीय कृषी महाविद्यालय आहे. दोन्ही संस्था राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या.

म्हणजे पुण्याच्या प्रयोगशाळेत लष्करासाठी झालेले संशोधन आणि राहुरीच्या विद्यापीठात शेतीसाठी झालेले संशोधन, या दोहोंची फळे एकाच तासाभराच्या प्रवासात पाहता येतात. शासनाने विज्ञानावर खर्च करावा काय, हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला आहे. तो खर्च लष्करी आणि नागरी संशोधनात कसा वाटावा, हा प्रश्न मात्र अद्याप नीट मांडलाही गेलेला नाही. तो मांडण्यास केळीच्या या पट्ट्याइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल.

हरण्याचा हल्ला

२०२० च्या पावसाळ्यात या तीन तालुक्यांतील केळीवर एका विषाणूने मोठा हल्ला केला. शास्त्रज्ञ त्याला कुकुंबर मोझॅक व्हायरस म्हणतात. शेतकरी त्याला ‘हरण्या’ या नावाने ओळखतात. पानांवर पिवळे पट्टे उमटतात, पोंग्याचे पान सडू लागते, झाडाची वाढ खुंटते आणि घड पडलाच तर तो बाजारात नेण्याजोगा राहत नाही. पाऊस लांबला, आकाश ढगाळ राहिले, हवेत गारवा आला की रोग बळावतो. मावा ही इवलीशी कीड तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची आणि बांधावरचे कित्येक तण या विषाणूला आश्रय देतात. एकदा झाड बाधित झाले की त्यावर औषध नाही. ते मुळासकट उपटून नष्ट करणे आणि शेजारची झाडे वाचविणे एवढेच हाती उरते. जून-जुलैत लावलेल्या मृगबागा दोन-तीन महिन्यांच्या झाल्या असताना अनेक शेतकऱ्यांनी आपल्याच हातांनी उपटून टाकल्या. २०२२ साली पुन्हा तेच घडले.

या नुकसानीचा अर्थ समजण्यासाठी केळीचे अर्थकारण ध्यानात घ्यावे लागते. ज्वारी-बाजरीप्रमाणे हे चार महिन्यांचे पीक नव्हे. लावणीपासून घड उतरेपर्यंत जवळपास वर्ष जाते. रोपे, खते, ठिबक सिंचन, मजुरी यांत गुंतलेली रक्कम मोठी असते आणि तीत उसनवारीचा किंवा पीककर्जाचा भाग असतोच. बाग उपटणे म्हणजे पुढच्या वर्षाचा शाळेचा खर्च, घराचे अर्धवट राहिलेले बांधकाम, मुलीचे लग्न यांचे सगळे बेत उपटणे. नुकसानीचे पंचनामे होतात आणि मदतीच्या मागण्या होतात. परंतु पंचनामा हा रोगावरचा उपाय नव्हे.

येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. पूर्वी शेतकरी आपल्याच किंवा शेजाऱ्याच्या बागेतून कंद काढून लावीत असे. १९९० च्या दशकात ग्रँड नैन या जातीची ऊतिसंवर्धित रोपे खानदेशात आली आणि त्यांनी उत्पादनाचे चित्र पालटले. प्रयोगशाळेत एका मातृवृक्षाच्या ऊतीपासून हजारो एकसारखी रोपे करता येतात. घड एका वेळी तयार होतात आणि वजनही भरघोस मिळते. तथापि या पद्धतीचा गुण तोच तिचा दोष ठरू शकतो. मातृवृक्ष निरोगी असेल तर हजारो रोपे निरोगी. त्यात विषाणू लपलेला असेल तर तो हजारो शेतांत पोहोचला. म्हणून मातृवृक्षाची आणि रोपांची विषाणू तपासणी हा या व्यवसायाचा कणा आहे. केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ साली ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणीकरणाची राष्ट्रीय व्यवस्था सुरू केली ती याच कारणाने. परंतु प्रमाणपत्र हे रोपवाटिकेच्या दारापर्यंतचे संरक्षण होय. शेतात उभ्या झाडावर मावा बसल्यानंतरच्या लढाईसाठी रोग सहन करणारी जात लागते, त्या मातीत आणि त्या हवेत केलेले अनेक वर्षांचे निरीक्षण लागते. हे कोणी परदेशातून बांधून आणून देत नाही.

याहून मोठे संकट अजून दाराबाहेर आहे. पनामा रोग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मर रोगाच्या बुरशीने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मध्य अमेरिकेतील ग्रो मिशेल या जातीच्या बागा उद्ध्वस्त केल्या आणि जगाच्या निर्यात बाजाराला कॅव्हेंडिश गटाच्या जातींकडे वळावे लागले. आता याच बुरशीचा टीआर-४ नावाचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो. ग्रँड नैन ही कॅव्हेंडिशच. बिहार आणि उत्तर प्रदेशातील केळीबागांत हा प्रकार २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात आढळला. ही बुरशी जमिनीत शिरली की दशकानुदशके तेथेच राहते. एकाच जातीवर उभा असलेला तापीकाठ या शत्रूसमोर किती उघडा आहे, हे सांगण्यास शास्त्रज्ञाची गरज नाही.

आकड्यांचा अर्थ

आता शासनाच्या जमाखर्चाकडे पाहावे. २०२०-२१ साली भारताने संशोधन आणि विकासावर सुमारे १ लाख २७ हजार कोटी रुपये खर्च केले. राष्ट्रीय उत्पन्नाशी त्याचे प्रमाण ०.६४ टक्के पडते. चीन सुमारे अडीच टक्के, अमेरिका सुमारे साडेतीन टक्के आणि दक्षिण कोरिया व इस्राएल पाच टक्क्यांच्या आसपास वा त्याहून अधिक खर्च करतात. हे प्रमाण दोन टक्क्यांवर नेण्याचा संकल्प २००३ च्या विज्ञान धोरणात होता, २०१३ च्या धोरणातही होता. संकल्प जुना झाला. प्रमाण हलले नाही.

केंद्राच्या प्रमुख वैज्ञानिक यंत्रणांनी त्याच वर्षी जो खर्च केला, त्यात संरक्षण संशोधन व विकास संघटनेचा वाटा ३०.७ टक्के होता. अंतराळ विभागाचा १८.४, भारतीय कृषी संशोधन परिषदेचा १२.४, अणुऊर्जा विभागाचा ११.४ आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचा ८.२ टक्के. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षण संशोधन संघटनेस २६ हजार ८१६ कोटी, तर कृषी संशोधन व शिक्षण विभागास १० हजार ४६६ कोटी रुपये ठेवण्यात आले. कृषी संशोधनाच्या या रकमेत धान्य, फळे, कापूस, जनावरे, मासे आणि कृषिशिक्षण हे सर्व येते, आणि तिचा मोठा भाग वेतन व निवृत्तिवेतनातच जातो.

या आकड्यांवरून घाईने निष्कर्ष काढणारे दोन पक्ष आहेत. एका पक्षाच्या मते बंदुकीवरचा पैसा काढून नांगराला द्यावा, की सर्व प्रश्न सुटले. दुसऱ्याच्या मते देश राहिला तरच शेती राहील, तेव्हा हा प्रश्न काढणेच देशहिताचे नाही. दोन्ही पक्षांनी प्रश्नाचा अर्धाच भाग पाहिला आहे.

पहिल्या पक्षाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०२५-२६ चा एकूण संरक्षण अर्थसंकल्प ६ लाख ८१ हजार कोटींचा होता. त्यात संशोधन संघटनेचा वाटा चार टक्क्यांहूनही कमी पडतो. अमेरिकेत केंद्र सरकारच्या संशोधन खर्चापैकी जवळपास निम्मा भाग संरक्षणाचा असतो. १९८० च्या दशकाच्या मध्यास तो दोनतृतीयांशाच्या घरात गेला होता. त्या मानाने भारतातील लष्करी संशोधन उधळपट्टी करीत आहे असे म्हणता येणार नाही. शिवाय ज्या वस्तू जगात कोणी विकत देत नाही, त्या घरी कराव्याच लागतात. १९७४ च्या पोखरण स्फोटानंतर भारताला कोणकोणती दारे बंद झाली, १९८७ च्या क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेने काय काय अडले, १९९३ साली क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्रज्ञान देण्यापासून रशियाला कसे मागे फिरविण्यात आले, हा इतिहास फार जुना नाही. शेजारी दोन अण्वस्त्रधारी राष्ट्रे असताना संरक्षण संशोधनाला कात्री लावा असे म्हणणे सोपे. त्याचा परिणाम भोगणारा जवान मात्र खेड्यातल्या शेतकऱ्याचाच मुलगा असतो.

शिळ्या कढीचा युक्तिवाद

दुसऱ्या पक्षाचा आवडता युक्तिवाद असा की, लष्करी संशोधनातून नागरी जीवनाला आपोआपच लाभ होतो. त्यात तथ्य आहेच. उंच बर्फाळ प्रदेशातील जवानांच्या शौचाची अडचण सोडविण्यासाठी संरक्षण शास्त्रज्ञांनी जीवाणूंवर चालणारे जैवशौचालय तयार केले. आज भुसावळ जंक्शनवरून धावणाऱ्या गाड्यांच्या डब्यांखाली त्याच तंत्राच्या टाक्या बसविलेल्या आहेत. क्षेपणास्त्रासाठी शोधलेल्या हलक्या संमिश्र पदार्थापासून पोलिओग्रस्त मुलांसाठी हलके कॅलिपर बनले. म्हैसूरच्या संरक्षण अन्न प्रयोगशाळेने सैनिकांसाठी टिकाऊ अन्नाचे तंत्र विकसित केले, आणि पाकीट उघडून खावयाचे तयार अन्न आज कोणत्याही दुकानात मिळते. अमेरिकेतील संगणकांच्या ज्या जाळ्यातून इंटरनेट जन्मले, त्याला १९६९ साली पैसा तेथील संरक्षण खात्यानेच दिला होता.

परंतु ही उदाहरणे सांगताना उलट दिशेची उदाहरणे विसरली जातात. भारतापुरते बोलायचे तर नागरी संशोधनाने लष्कराला जे दिले ते कमी नाही. १८ जुलै १९८० रोजी यशस्वी झालेला एसएलव्ही-३ हा नागरी अंतराळ कार्यक्रमाचा अग्निबाण होता. २२ मे १९८९ रोजी उडालेल्या अग्नी क्षेपणास्त्राचा पहिला टप्पा त्याच्याच घन इंधनाच्या मोटारीवर आधारलेला होता. १९७४ चा अणुस्फोट घडवून आणणारे शास्त्रज्ञ प्रामुख्याने नागरी अणुऊर्जा विभागाचे होते. अमेरिकेने महासंगणक देण्यात अडथळे आणल्यावर १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम’ तयार झाला. तीही नागरी संस्थाच. पुण्याचेच डॉ. वसंत गोवारीकर यांनी थुंब्याला अग्निबाणाच्या घन इंधनावर काम केले, आणि पुढे विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव असताना त्यांच्याच नेतृत्वाखाली १९८८ साली सोळा घटकांवर आधारलेला मान्सूनच्या अंदाजाचा नमुना तयार झाला. विज्ञानाचा प्रवाह कोणत्या बाजूने कोणत्या बाजूस वाहील, हे अंदाजपत्रकाचे रकाने ठरवीत नाहीत.

आणि आपोआप झिरपणाऱ्या लाभाला एक मोठी मर्यादा आहे. जवानाची गरज आणि नागरिकाची गरज जेथे जुळते तेथेच तो मिळतो. शौचालय दोघांनाही लागते, अन्न दोघांनाही लागते. केळीच्या पोंग्यात शिरणारा विषाणू कोणत्याही सैन्याचा प्रश्न नाही. त्याच्यावरचा उपाय क्षेपणास्त्राच्या शेपटातून कधीच झिरपणार नाही. जे संशोधन नागरिकांसाठी करावयाचे ते नागरिकांसाठी म्हणूनच करावे लागते. दुसऱ्याच्या पंगतीत उरलेल्या शिळ्या कढीवर ते होत नाही. युद्धात पराभूत झाल्यामुळे ज्यांच्या लष्करी खर्चावर मर्यादा आल्या, त्या जपान आणि पश्चिम जर्मनीने १९७० आणि १९८० च्या दशकांत मोटारी, यंत्रे आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंत जगाला कसे मागे टाकले, हे या संदर्भात पुन्हा आठवण्याजोगे आहे.

खरा फरक कोठे आहे

मग असमतोल कोठे आहे? तो रकमेत आहेच. परंतु त्याहून अधिक तो दोन्ही प्रकारच्या संशोधनाकडे पाहण्याच्या दृष्टीत आहे. लष्करी संशोधनाला शासन सज्जतेसाठी पैसा देते. नागरी संशोधनाकडून ते निकाल मागते.

वरणगावला तयार झालेली बहुतेक काडतुसे कधीही शत्रूवर झाडली जाणार नाहीत. सरावात संपतील किंवा कोठारात पडून राहतील. तो खर्च वाया गेला असे कोणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. युद्ध न होणे हीच त्या खर्चाची सार्थकता. स्वदेशी लढाऊ विमानाचा प्रकल्प १९८३ साली मंजूर झाला; तेजसने पहिले उड्डाण केले ४ जानेवारी २००१ रोजी आणि ते वायुदलाच्या तुकडीत दाखल झाले जुलै २०१६ मध्ये. तेहतीस वर्षे गेली. टीका झाली, चौकशा झाल्या, मुदती हुकल्या, परंतु प्रकल्पाची नाळ तोडण्यात आली नाही. कारण विमान करणे शिकायचे तर पिढी खर्ची पडते, हे शासनाने मान्य केले होते.

कृषी विद्यापीठातील संशोधकाच्या वाट्याला काय येते? बहुधा तीन वर्षांचा प्रकल्प, त्यावर कंत्राटी सहायक, दर सहामाहीस प्रगतीचा अहवाल आणि मुदत संपली की नवा अर्ज. केळीच्या एका पिकाला एक वर्ष लागते. तीन वर्षांत तीन पिके पाहून रोगप्रतिकारक जात देता येत नाही, हे साधे अंकगणित आहे. ऑस्ट्रेलियात मर रोगाला तोंड देणाऱ्या केळीच्या नव्या वाणास फेब्रुवारी २०२४ मध्ये मान्यता मिळाली. क्वीन्सलंडच्या शास्त्रज्ञांचे त्यामागचे परिश्रम दोन दशकांहून अधिक काळाचे होते, आणि त्यांच्या शेतावरील चाचण्याच २०१२ पासून चालू होत्या. जनुकीय बदल केलेला तो वाण भारताने स्वीकारावा की नाही, हा वेगळा वाद आहे. परंतु वीस वर्षे एका केळीच्या मागे लागण्याची मुभा तेथील शास्त्रज्ञांना होती, ही गोष्ट निर्विवाद आहे. आपल्याकडे कृषी विद्यापीठांतील रिक्त पदांची चर्चा वर्षानुवर्षे चालते. जो संशोधक निवृत्त होतो, त्याच्याबरोबर त्या पिकाचा तीस वर्षांचा अनुभवही निवृत्त होतो.

नागरी क्षेत्रातही सज्जता किती मोलाची असते, याचे दाखले खानदेशाने आणि महाराष्ट्राने प्रत्यक्ष पाहिले आहेत. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत कोंबड्या मरू लागल्या. तो बर्ड फ्लूच आहे, हे भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेने निश्चित केले. देशात हा रोग त्यापूर्वी आढळलेलाच नव्हता. प्रयोगशाळा मात्र आधीपासून उभी होती. रोग नसताना एवढी खर्चिक प्रयोगशाळा कशाला, असा प्रश्न हिशेबनीसास पडला असता, आणि त्याचे उत्तर नवापूरने दिले. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था १९५२ साली स्थापन झाली. १९५७ साली तिने शिमोग्याच्या जंगलातील माकडतापाचा विषाणू ओळखला. साथ असो वा नसो, ती सात दशके विषाणूंचा अभ्यास करीत राहिली. म्हणूनच ३० जानेवारी २०२० रोजी देशातील पहिल्या कोरोना रुग्णाचे निदान तिला करता आले, आणि तिनेच वेगळ्या केलेल्या विषाणूपासून पुढे कोव्हॅक्सिन ही लस तयार झाली.

शेतीतील दाखला याहून जुना आणि मोठा आहे. १९६५-६६ च्या दुष्काळांत देश अमेरिकेच्या गव्हावर तगून होता, आणि भारताच्या धोरणांवरील नाराजीपायी अमेरिका त्या गव्हाची जहाजे थांबवून थांबवून पाठवीत होती. रणांगणावर न वाकलेला देश धान्याच्या बंदरावर वाकविता येतो, हे तेव्हा उघड झाले. लालबहादूर शास्त्रींनी जवान आणि किसान यांचा एकाच घोषणेत जयजयकार केला त्याचा अर्थ हाच होता. १९६६ साली मेक्सिकोहून १८ हजार टन बुटक्या गव्हाचे बियाणे आणण्यात आले. ते धाडस शक्य झाले, कारण दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. एम. एस. स्वामीनाथन आणि त्यांचे सहकारी त्या वाणांच्या चाचण्या काही वर्षे आधीपासूनच घेत होते. दुष्काळ पडल्यावर संशोधनास सुरुवात केली असती, तर क्रांती व्हायला आणखी एक दशक लागले असते. धान्याची ती प्रयोगशाळा त्या काळी सीमेवरच्या चौकीहून कमी महत्त्वाची नव्हती.

समतोल म्हणजे काय

तेव्हा समतोल म्हणजे दोन पारड्यांत सारखे वजन घालणे नव्हे. लष्करी संशोधनाला जी तीन गोष्टींची हमी आहे, ती नागरी संशोधनाला मिळाली पाहिजे. दीर्घ मुदतीचा पैसा, कायम मनुष्यबळ, आणि तयार झालेली वस्तू स्वीकारणारा निश्चित ग्राहक, या त्या तीन गोष्टी. संरक्षण शास्त्रज्ञाचा ग्राहक म्हणजे सैन्यदल. ते आपल्या गरजा लिहून देते, चाचण्या घेते आणि नापसंत झाल्यास परत पाठविते. केळीच्या शास्त्रज्ञाचा ग्राहक म्हणजे हजारो विखुरलेले शेतकरी. त्यांची गरज लिहून घेणारी आणि शास्त्रज्ञाला जाब विचारणारी यंत्रणाच नाही.

केळीपुरते बोलायचे तर ही यंत्रणा काही कोटींच्या स्वप्नांवर अवलंबून नाही. राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र १९९३ पासून तमिळनाडूत तिरुचिरापल्लीस आहे. त्याचे आणि जळगावच्या केंद्राचे निदान पंधरा वर्षांचे एकत्रित काम ठरवावे. रोपवाटिकेपासून शेतापर्यंत विषाणूची तपासणी जिल्ह्यातच आणि वेळेवर व्हावी. मध्य प्रदेशच्या सीमेला लागून असलेल्या या तालुक्यांत मर रोगावर सतत नजर ठेवावी. सीमेवर गस्त असते त्याच अर्थाने. मुक्ताईनगरच्या कृषी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना याच गस्तीत सामील करून घेतले तर त्यांचे शिक्षणही होईल आणि शेतकऱ्याला विचारण्यास जवळचे माणूसही मिळेल. बागेतील पिवळे पान पहिल्यांदा कोठे दिसले, त्या आठवड्यात पाऊस किती झाला, रोपे कोणत्या लॉटमधली होती, याची नोंद ठेवण्यास उपग्रह लागत नाही. वही लागते, आणि ती वही वर्षानुवर्षे चालू ठेवणारा माणूस लागतो.

यात राज्याचाही वाटा आहे. शेती हा घटनेने राज्यांचा विषय. परंतु २०२०-२१ साली देशातील एकूण संशोधन खर्चात सर्व राज्य सरकारांचा मिळून वाटा ६.७ टक्केच होता. दिल्लीच्या अंदाजपत्रकाकडे बोट दाखविताना मुंबईच्या अंदाजपत्रकाकडे तीन बोटे वळतात, हे विसरून चालणार नाही. रस्ता मंजूर झाला की उद्घाटनाची कोनशिला बसते. संशोधकाचे पद भरले तर कोनशिला कोठे बसवायची, हा आपल्या राजकारणाचा जुना पेच आहे.

दुसरीकडे पैशाची दिशा बदलत आहे आणि तिच्यावर लक्ष ठेवले पाहिजे. २०२२-२३ च्या अंदाजपत्रकात संरक्षण संशोधनाच्या तरतुदीपैकी २५ टक्के रक्कम उद्योग, नवउद्योग आणि विद्यापीठे यांच्यासाठी खुली करण्याचे जाहीर झाले. निर्णय स्तुत्य आहे. गुप्ततेच्या भिंतीआड कोंडलेले काम त्यामुळे थोडे मोकळे होईल. परंतु ज्या विद्यापीठात नागरी संशोधनास पैसा नाही, तेथे लष्करी पैसा आला की विद्यार्थी आणि प्राध्यापक त्या विषयांकडे वळणार. संशोधनाचे विषय गरजेने न ठरता पैशाने ठरतील. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर हे स्वतः सेनापती होते. १७ जानेवारी १९६१ च्या निरोपाच्या भाषणात त्यांनी लष्कर आणि शस्त्रोद्योग यांच्या युतीपासून सावध राहण्यास सांगितले, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच भाषणात त्यांनी विद्यापीठांतील विद्वत्ता सरकारी पैशाच्या तालावर नाचू लागण्याचा धोकाही सांगितला होता. तो भाग मात्र फारसा आठवला जात नाही.

२०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान अस्तित्वात आले. पाच वर्षांत पन्नास हजार कोटी रुपये संशोधनाला उपलब्ध करून देण्याचा त्याचा उद्देश आहे. परंतु त्यातील मोठा भाग शासनाबाहेरून, म्हणजे प्रामुख्याने खासगी उद्योगांकडून येईल असे गृहीत धरलेले आहे. उद्योगधंद्याने संशोधनात पैसा घालावा हे उत्तमच. मात्र जेथे विकण्याजोगी वस्तू निघत नाही, तेथे उद्योग येणार नाही. रोप विकणारा उद्योग रोपाचे संशोधन करील; ‘यंदा या भागात अमुक पीक आंतरपीक म्हणून घेऊ नका’ हा सल्ला कोणाला विकता येणार? असे सल्ले तयार करणारे विज्ञान शासनाच्याच गाठीचे.

येथे नागरी संशोधनाच्या कैवाऱ्यांनीही एक गोष्ट मान्य करावी. दीर्घ मुदतीची मुभा मागायची तर उत्तरदायित्वही स्वीकारावे लागेल. कपाटात पडून राहिलेले प्रबंध आणि शेतकऱ्यापर्यंत न पोहोचलेल्या शिफारशी यांचीही वाण नाही. तेजसच्या दिरंगाईवर संसदेत प्रश्न विचारले जातात, तसे केळीच्या वाणाविषयीही विधानसभेत विचारले जावेत. मदत केव्हा मिळणार हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो. तपासणीची प्रयोगशाळा किती दिवसांत अहवाल देते, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

मुक्ताईनगर तालुक्यातच तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेवाचे पुरातन देऊळ आहे. संतपरंपरेतील चांगदेव हा सिद्धींचा स्वामी होता. वाघावर बसून येण्याइतके सामर्थ्य त्याच्यापाशी होते. परंपरा त्याचे सामर्थ्य खोटे ठरवीत नाही. ते अपुरे होते एवढेच ती म्हणते, आणि त्याला वयाने कितीतरी लहान असलेल्या मुक्ताबाईच्या पायांशी बसविते. सामर्थ्य आणि ज्ञान यांचे नाते या भूमीने इतक्या सोप्या रीतीने सांगून ठेवले आहे. राष्ट्राने वाघावर बसावे. त्यात गैर काही नाही. परंतु पायाखालच्या मातीत काय कुजते आहे, हे त्याला उतरून पाहता आले पाहिजे.

दरवर्षी मृग नक्षत्राच्या सुमारास तापीकाठचा शेतकरी नवी रोपे लावतो. ती रोपे निरोगी आहेत काय, हे त्याला लावणीपूर्वी कळावे, आणि जे पीक उभे राहील त्यात पुढच्या दहा वर्षांच्या शत्रूला तोंड देण्याची ताकद असावी. सैन्याच्या बाबतीत आपण याहून कमी काही कधीच स्वीकारले नसते.